निवत जाणारा समुद्रतळ

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते आणि कॅनडाच्या वायव्य भागातील अकास्टा नदीच्या परिसरात ४०० कोटी वर्षांहून जुने खडक आजही उघड्यावर आढळतात. परंतु पृथ्वीच्या पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारा महासागरांचा तळ, एखाददुसरा अपवाद सोडला तर, कोठेही २० कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. समुद्रतळ सतत नव्याने घडतो आणि तितक्याच सातत्याने पृथ्वीच्या पोटात परत जातो, हे यामागचे कारण आता शालेय पुस्तकांतही सांगितले जाते. मात्र तो परत का जातो, जन्मतः तरंगणारा खडक पुढे बुडण्याइतका जड कशामुळे होतो, हा प्रश्न तेथे बहुधा मागे पडतो. त्याचे उत्तर उष्णता गमावण्याच्या अगदी साध्या क्रियेत आहे, आणि भूपट्टांना हलवणारे सर्वांत मोठे बलही याच क्रियेतून निर्माण होते. म्हणूनच ज्वालामुखींच्या नेत्रदीपक उद्रेकांपेक्षा समुद्रतळाचे हे संथ निवणे भूविज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते.

पृथ्वीच्या सर्वांत वरच्या खडकाळ थराला कवच म्हणतात आणि त्याखालच्या, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेल्या घन पण अतिउष्ण थराला प्रावरण म्हणतात. महासागराखालचे कवच अवघे ७ किलोमीटर जाडीचे असून ते बेसाल्ट आणि त्याच रसापासून खोलवर गोठलेला गॅब्रो या खडकांचे बनलेले असते, तर प्रावरणाच्या वरच्या भागात पेरिडोटाइट नावाचा हिरवट, अधिक घनतेचा खडक असतो. हे विभाजन खडकांच्या रासायनिक घडणीनुसार झाले. ताकदीनुसार पाहिले तर विभागणी निराळी होते. कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा थंड, ताठर भाग मिळून शिलावरण बनते, आणि त्याखाली प्रावरणाचा जो तापलेला भाग घन असूनही लाखो वर्षांच्या कालमानात संथपणे वाहू शकतो, त्याला दुर्बलावरण म्हणतात. भूपट्ट म्हणजे शिलावरणाचा तुकडा होय. सागरी भूपट्टाचा बहुतेक भाग कवचाचा नसून थंड झालेल्या प्रावरणाचाच असतो. तो ज्या दुर्बलावरणावर टेकलेला असतो, त्याच द्रव्याचा तो बनलेला असतो आणि फरक असतो तो मुख्यतः तापमानाचा. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

भूपट्टाचा जन्म मध्यसागरी पर्वतरांगांवर होतो. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची ही जलमग्न साखळी सर्व महासागरांतून गेलेली असून तिच्या माथ्यावर समुद्राची खोली सरासरी २,५०० मीटरच्या आसपास असते. येथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, मोकळ्या होणाऱ्या जागेत खालून प्रावरण वर चढते, वर येताना दाब घटल्यामुळे त्याचा काही अंश वितळतो आणि तो शिलारस गोठून नवे कवच तयार होते. पूर्व प्रशांत पर्वतरांगेच्या काही भागांत ही फारकत वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते, तर अटलांटिकमध्ये ती दोन-तीन सेंटिमीटरच असते. नवजात तळाखाली सुमारे १,३०० अंश सेल्सिअस तापमानाचे प्रावरण जवळजवळ पृष्ठभागाशी आलेले असते आणि वर शून्य अंशाच्या आसपासचे समुद्राचे पाणी असते, म्हणून तळ ज्या क्षणी तयार होतो त्याच क्षणापासून तो निवू लागतो.

निवण्याचा पहिला टप्पा पाण्यामुळे घडतो. ताज्या बेसाल्टला गेलेल्या भेगांतून समुद्राचे पाणी खाली झिरपते, तापते आणि खनिजे विरघळवून घेऊन उष्णोदकाच्या झऱ्यांवाटे पुन्हा वर येते. असे झरे १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून प्रथम पाहण्यात आले आणि १९७९ मध्ये पूर्व प्रशांत पर्वतरांगेवर सुमारे ३५० अंश तापमानाचे काळे पाणी ओकणारी धुराडी सापडली. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या उष्णोदकाच्या लोटांचा अभ्यास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही केला आहे. पर्वतरांगांजवळ समुद्रतळातून बाहेर पडणारी उष्णता मोजली असता ती गणिताने अपेक्षित असलेल्या उष्णतेपेक्षा बरीच कमी भरते, आणि ही तफावत म्हणजेच पाण्याने वाहून नेलेला वाटा होय, असे आता मानले जाते. पुढे गाळाचे थर साचून भेगा बुजत जातात आणि उष्णतेला खडकातून कणाकणाने वर सरकण्याखेरीज दुसरी वाट उरत नाही.

खडक उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे थंडी वरून खाली फार हळू उतरते, आणि तिची खोली काळाच्या प्रमाणात नव्हे तर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे थंड थराची जाडी दुप्पट व्हायला चौपट काळ लागतो. हे गणित जुने आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी हा निवत चाललेला घन गोळा आहे असे समजून याच गणिताने तिचे वय काढले, ते २ कोटी ते ४० कोटी वर्षे आले आणि पुढे ते साफ चुकीचे ठरले, कारण पृथ्वीच्या अंतरंगात द्रव्य वाहते आणि उष्णता वर आणून सोडते हे त्यांनी गृहीत धरले नव्हते. किरणोत्साराची उष्णता तर त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हती. मात्र समग्र पृथ्वीसाठी फसलेले तेच गणित एक शतकानंतर समुद्रतळाला लावले असता आश्चर्यकारक अचूकतेने जुळले, कारण समुद्रतळ खरोखरच एका ठरावीक क्षणी तापलेल्या अवस्थेत जन्मतो आणि त्यानंतर केवळ वरून थंड होत जातो. ४० लाख वर्षांच्या तळाखाली शिलावरणाची जाडी जेमतेम २०-२५ किलोमीटर असते. १० कोटी वर्षांच्या तळाखाली ती १०० किलोमीटरच्या घरात जाते.

थंड झालेला खडक आकुंचन पावतो. तापमान एका अंशाने उतरले तर प्रावरणाच्या खडकाची घनता लाखात सुमारे तीन भागांनी वाढते, आणि ही वाढ नगण्य वाटली तरी शंभर किलोमीटर जाडीच्या आणि सरासरीने सहाशे-साडेसहाशे अंशांनी निवलेल्या थरात ती जवळजवळ दोन टक्क्यांवर जाते. शिलावरण दुर्बलावरणावर तरंगत असल्यामुळे त्याचे वजन वाढले की ते खाली खचते. तरंगणाऱ्या थरांच्या या तोलाला भूविज्ञानात समस्थायित्व म्हणतात. परिणामी पर्वतरांगेपासून जसजसे दूर जावे तसतसा समुद्र खोल होत जातो. बॅरी पार्सन्स आणि जॉन स्क्लेटर यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार तळाचे वय दशलक्ष वर्षांत घेऊन त्याचे वर्गमूळ काढावे, त्याला ३५० ने गुणून २,५०० मिळवावेत, म्हणजे खोली मीटरमध्ये मिळते. ४० लाख वर्षांच्या तळावर ती ३,२०० मीटर, अडीच कोटी वर्षांच्या तळावर ४,२५० मीटर आणि ६ कोटी ४० लाख वर्षांच्या तळावर ५,३०० मीटर येते, आणि प्रत्यक्ष मापनेही ढोबळमानाने हेच सांगतात. ज्यांना मध्यसागरी पर्वतरांगा म्हटले जाते, त्या घड्या पडून उंचावलेल्या नाहीत. समुद्रतळाचा जो भाग अजून निवलेला आणि म्हणून खचलेला नाही, तोच पर्वत म्हणून उरतो.

हा खचण्याचा पुरावा भूपट्टांचा सिद्धांत जन्मण्यापूर्वीच हाती आला होता. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ च्या ग्रंथात असे मांडले की प्रशांत महासागरातील कंकणद्वीपे, म्हणजे मध्ये उथळ सरोवर असलेली कड्याच्या आकाराची प्रवाळबेटे, ही बुडत जाणाऱ्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत गेल्याने बनली असावीत. १९५२ मध्ये एनेवेटाक कंकणद्वीपावर खोल छिद्रे घेण्यात आली तेव्हा सुमारे १,४०० मीटरपर्यंत उथळ पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळांचाच चुनखडक लागला आणि त्याखाली बेसाल्ट मिळाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजावर काम करताना ध्वनिमापकाने पाण्याखालच्या सपाट माथ्यांच्या अनेक पर्वतांची नोंद केली होती; एकेकाळी लाटांनी कापून सपाट केलेले हे माथे आता हजार-दोन हजार मीटर पाण्याखाली कसे गेले, हे कोडे त्यांना अनेक वर्षे सतावत राहिले आणि १९६२ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी समुद्रतळच पर्वतरांगेपासून दूर सरकतो व खोल जातो असे प्रतिपादन केले. त्या कल्पनेला पुरावा अरबी समुद्राने दिला. ‘ओवेन’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने १९६२ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर घेतलेल्या चुंबकीय नोंदींचा आधार घेऊन फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये दाखवले की तळाच्या खडकांत पृथ्वीच्या उलटसुलट होणाऱ्या चुंबकक्षेत्राचे पट्टे गोठलेले असतात. या पट्ट्यांमुळेच पुढे तळाच्या प्रत्येक भागाचे वय सांगता येऊ लागले आणि खोलीचे सूत्र शक्य झाले.

सुमारे ७ कोटी वर्षांनंतर मात्र तळ सूत्राच्या अपेक्षेइतका खोल जात नाही, त्याची घसरण मंदावते. खालून येणारी उष्णता, बहुधा दुर्बलावरणातील लहान आवर्तनांमुळे, थंड थराला आणखी जाड होऊ देत नाही, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे. मात्र या मंदावण्याचे नेमके स्वरूप अद्याप वादाचा विषय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. घनतेत वाढ झाली तरी भूपट्ट बुडण्यासाठी ती पुरेशी केव्हा होते? कवचाचा बेसाल्ट प्रावरणापेक्षा हलका असतो आणि तोच भूपट्टाला तरंगत ठेवतो. ढोबळ हिशेब केला तर ७ किलोमीटर जाडीचे कवच त्याच जागेतील प्रावरणापेक्षा दर घनमीटरमागे सुमारे ३५० किलोग्रॅमने हलके असल्यामुळे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण २५ लाख किलोग्रॅमची तूट येते. तळ १ कोटी वर्षांचा असताना कवचाखालचे थंड प्रावरण ३० किलोमीटर जाडीचे धरले आणि त्याची घनता दर घनमीटरमागे ६० किलोग्रॅमने वाढलेली मानली, तर भर पडते ती १८ लाखांची, म्हणजे एकूण भूपट्ट अजून हलकाच राहतो. १० कोटी वर्षांनी हेच थंड प्रावरण ९० किलोमीटर जाडीचे होते आणि भर ५४ लाखांवर जाऊन तूट सहज भरून निघते. भूपट्ट आता खालच्या दुर्बलावरणापेक्षा सरासरीने सुमारे एक टक्क्याने जड झालेला असतो. ही सीमा तळाच्या वयाच्या १ कोटी ते ४ कोटी वर्षांच्या दरम्यान कोठेतरी ओलांडली जाते, असे निरनिराळे अंदाज सांगतात. एक टक्का हे प्रमाण क्षुल्लक दिसते, पण हजारो किलोमीटर रुंदीच्या भूपट्टावर ते साठत जाते तेव्हा पृथ्वीवरील दुसरे कोणतेही यांत्रिक बल त्याच्या तोडीचे उरत नाही.

तरीही जड झालेला भूपट्ट आपोआप बुडत नाही, कारण तो अखंड असतो आणि थंडीने जडच नव्हे तर ताठरही झालेला असतो. अटलांटिकच्या दोन्ही काठांचा तळ काही भागांत १७-१८ कोटी वर्षांचा म्हणजे बुडण्याच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलेला आहे, पण लेसर अँटिलीस आणि साउथ सँडविच या दोन कमानी सोडल्या तर तो शेजारच्या खंडांना चिकटून शांतपणे पडून आहे. त्याला वाकवून मोडायला आधी एखादी दुर्बल रेषा लागते, जुना भेगापट्टा किंवा शेजारच्या भूपट्टांच्या हालचालीत झालेला बदल लागतो. प्रशांत महासागराच्या पश्चिमेला इझू-बोनिन-मारियाना पट्ट्यात असे बुडणे सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सुरू झाले. अधोगमन, म्हणजे एका भूपट्टाने दुसऱ्याखाली जाणे, पहिल्यांदा सुरू कसे होते हा या विषयातील सर्वांत अवघड आणि सर्वांत रोचक प्रश्न आहे.

एकदा सुरू झाल्यावर मात्र ही क्रिया स्वतःला बळ देत जाते. भूपट्ट सागरी गर्तापाशी, म्हणजे दोन भूपट्टांच्या सीमेवरील अरुंद खोल खाचेत, वाकून खाली शिरतो आणि बरेच किलोमीटर खोल गेल्यावर वाढत्या दाबाने त्याच्या कवचातील बेसाल्टचे एक्लोगाइट या लालसर गार्नेट असलेल्या खडकात रूपांतर होते. एक्लोगाइटची घनता दर घनमीटरला ३,५०० किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रावरणाहूनही अधिक असते. ज्या कवचाने भूपट्टाला इतके दिवस तरंगवले तेच आता त्याला खाली ओढू लागते. विहिरीच्या रहाटावरून सोडलेल्या जाड, ओल्या दोराचा लोंबणारा भाग लांबला की तो उरलेल्या वेटोळ्यांना आपणहून खेचू लागतो, तसाच बुडालेला भाग पृष्ठभागावरच्या भूपट्टाला गर्ताकडे खेचतो. डोनाल्ड फोरसिथ आणि सेइया उएदा यांनी १९७५ मध्ये भूपट्टांच्या वेगांची तुलना केली तेव्हा ज्यांच्या कडेचा मोठा भाग बुडत आहे असे प्रशांत, नाझ्का आणि कोकोस यांसारखे भूपट्टच वेगवान असल्याचे दिसले. भूपट्टाचे क्षेत्रफळ मात्र वेगाशी फारसे जुळले नाही. पर्वतरांगेवर वर येणारा शिलारस भूपट्टांना दोन्हीकडे ढकलतो, ही अजूनही प्रचलित असलेली समजूत म्हणून बऱ्याच अंशी उलटी करावी लागते: पर्वतरांगा मुख्यतः दूरवरच्या ओढीने फाटतात आणि शिलारस त्या फाटीत भरतो.

बुडालेला भूपट्ट निवलेला असल्यामुळे पुन्हा तापायला त्याला फार काळ लागतो, आणि म्हणूनच तो खोलवरही ठिसूळ राहून भूकंप घडवतो. कियो वादाती यांनी १९२८ पासून जपानखालच्या खोल भूकंपांचा अभ्यास करून ते एका तिरप्या पट्ट्यात रचलेले असल्याचे दाखवले. हे भूकंप सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत होतात. मारियाना गर्तात बुडणारा प्रशांत भूपट्ट १५ कोटी वर्षांहून जुना असून तो जवळजवळ उभा खाली जातो आणि तेथे समुद्राची खोली १०,९०० मीटरवर पोहोचते. उलट चिलीच्या दक्षिण भागात नाझ्का भूपट्ट इतका तरुण आहे की तायताओ द्वीपकल्पापाशी चिलीची मध्यसागरी पर्वतरांगच, अजून तापलेली असताना, खंडाखाली ओढली जात आहे. स्वतःच्या वजनाने ती कधीच बुडली नसती, पण आधी बुडालेल्या भागाची ओढ आणि तिच्यावर चालून येणारे दक्षिण अमेरिका खंड यांपुढे तिचा इलाज चालत नाही.

या विरोधातून एक आकर्षक नियम निघाला होता. उएदा आणि हिरो कानामोरी यांनी १९७९ मध्ये चिली आणि मारियाना हे अधोगमनाचे दोन टोकाचे प्रकार मानले. तरुण, हलका भूपट्ट वरच्या भूपट्टाला घट्ट चिकटून राहतो आणि २२ मे १९६० रोजी चिलीत झाला तसा ९.५ महत्तेचा भूकंप घडवतो, तर जुना, जड भूपट्ट सहज निसटून खाली जातो, असा त्याचा आशय होता. पुढे हा विचार भूकंपाच्या कमाल शक्तीच्या अंदाजासाठीही वापरला गेला. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा ते अंदमान या सुमारे १,३०० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि ११ मार्च २०११ रोजी जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर, जेथे बुडणारा तळ सुमारे १३ कोटी वर्षांचा आहे, ९ अथवा त्याहून अधिक महत्तेचे भूकंप झाले तेव्हा तो अंदाज मोडून पडला. भूपट्टाचे वय त्याच्या जडपणाबद्दल भरवशाने बोलते, पण दोन भूपट्ट एकमेकांत किती घट्ट अडकतील हे केवळ त्यावरून ठरत नाही, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

भारतीय उपखंडाचा इतिहासही याच ओढीने घडला आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एकेकाळी टेथिस महासागर होता, आणि त्याचा तळ आशियाखाली बुडत असताना भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत होता. दख्खनच्या लाव्हांना जन्म देणाऱ्या उष्ण स्तंभाचाही त्या वेगाला हातभार लागला असावा, असे काही संशोधक मानतात. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी महासागर संपला आणि खंडाची कड गर्ताशी पोहोचली. खंडीय कवच ३५ किलोमीटरच्या आसपास जाडीचे आणि बेसाल्टपेक्षाही हलके असल्यामुळे कितीही थंड झाले तरी ते समुद्रतळासारखे बुडू शकत नाही, म्हणून ओढ मंदावली, वेग पाच सेंटिमीटरच्या आसपास उतरला आणि हिमालय उभा राहिला. टेथिसचा तळ नाहीसा झालेला नाही. भूकंपलहरी थंड खडकातून किंचित अधिक वेगाने जातात, या तत्त्वावर घेतलेल्या अंतरंगाच्या प्रतिमांत त्याचे पट्टे आज भारताच्या खाली हजार किलोमीटरहून अधिक खोलीवर दिसतात.

कोकणाच्या किनाऱ्यासमोरचा अरबी समुद्र निराळ्या अवस्थेत आहे. सेशेल्स बेटांचा खंडीय तुकडा सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी भारतापासून तुटला आणि कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर नवा तळ घडू लागला, त्यामुळे पर्वतरांगेकडून भारताकडे येताना तळाचे वय वाढत जाते. त्याचे खचणे मात्र सिंधू नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या प्रचंड थराखाली झाकले गेले आहे. वयाचा हिशेब पाहता हा तळ बुडण्याइतका जड होऊन गेला आहे, पण तो भारताच्याच भूपट्टाचा भाग असून येथे दोन भूपट्टांची सीमा नाही, म्हणून मुंबई-रत्नागिरीसमोर गर्तही नाही. अधोगमन चालते ते उत्तरेला, इराण आणि पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याखाली, जेथे शेजारच्या अरबी भूपट्टाचा तळ युरेशियाखाली शिरतो आणि गाळ इतका जाड आहे की गर्त भरून जाऊन दिसेनासा झाला आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे ८.१ महत्तेचा भूकंप झाला, त्याने उठलेल्या त्सुनामीच्या लाटा काही तासांत मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि शहरात जीवितहानी झाली. हैदराबाद येथे २००७ मध्ये सुरू झालेले भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र आज पूर्वेकडील अंदमान-सुमात्रा आणि पश्चिमेकडील मकरान या दोन्ही अधोगमन पट्ट्यांवर अहोरात्र लक्ष ठेवते.